लॅपटॉपचा हार्डवेअर रीसेट: विंडोज नव्याने टाकूनही न गेलेल्या तीन तक्रारी

खातेवही (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात घरूनच छोट्या व्यापाऱ्यांची हिशेबाची आणि जीएसटीची कामे करते. माझा लॅपटॉप 2020 साली घेतलेला आहे. दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम, बाहेरून काढता न येणारी बॅटरी आणि विंडोज 11 असा तो आहे. गेल्या दोन महिन्यांत त्याला तीन दुखणी जडली आहेत.

पहिले दुखणे पंख्याचे. नुसती एक्सेलची एक फाइल उघडी असली तरी पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत राहतो. तळाला हात लावून पाहिले तर तो जेमतेम कोमट असतो. दुसरे असे की झाकण मिटून स्वयंपाकघरात जाऊन आले आणि पुन्हा उघडले की पडदा काळाच राहतो. पॉवरचा दिवा लागलेला असतो, पण कॅप्स लॉक दाबले तरी त्याचा दिवा बदलत नाही, आणि शेवटी पॉवरचे बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद करावे लागते. यात दोनदा न जतन केलेल्या नोंदी गेल्या. तिसरे, चार्जिंग 60 टक्क्यांवर येऊन थांबते आणि रात्रभर लावून ठेवले तरी एक टक्काही पुढे सरकत नाही.

भाच्याने सगळे पुसून विंडोज नव्याने टाकून दिले, तरी तिन्ही तक्रारी जशाच्या तशा आहेत. दुकानात नेल्यावर मदरबोर्डचा चार्जिंगचा भाग गेला आहे, बोर्डच बदलावा लागेल आणि 18 हजार रुपये होतील, असे सांगण्यात आले. भाच्याच्या एका मित्राचे म्हणणे असे की आधी 'हार्डवेअर रीसेट' करून पाहावा. हा प्रकार म्हणजे फॅक्टरी रीसेटच का? त्यात माझा टॅलीचा डेटा जाईल का? बटण अर्धा मिनिट दाबून धरल्याने खरोखर काही होते, की हा नुसता टोटका आहे? महिन्याच्या 20 तारखेआधी विवरणपत्रे भरायची असल्यामुळे चुकीचे काही करून बसण्याची भीती वाटते.

डागकाम

ताई, बारा वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर बसतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. टोटका नाही, आणि फॅक्टरी रीसेटही नाही. फॅक्टरी रीसेट डिस्कवरच्या विंडोजला आणि फाइलींना हात घालतो. हार्डवेअर रीसेट डिस्कच्या वाटेलाही जात नाही. टॅलीचा डेटा या कृतीने पुसला जात नाही. तरीही त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याखेरीज काहीही करू नका. तुमचा लॅपटॉप सध्या झाकण मिटले तरी गोठतो आहे.

तुमच्या प्रश्नातली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे विंडोज नव्याने टाकूनही काही फरक पडला नाही, ही. याचा अर्थ बिघाड विंडोजच्या खालच्या थरात असण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा नियंत्रक असतो. त्याला एम्बेडेड कंट्रोलर, किंवा आमच्या बोलण्यात नुसते 'ईसी', म्हणतात. पॉवरचे बटण दाबले गेले का, झाकण मिटले का, पंखा किती वेगाने फिरवायचा, बॅटरीत वीज घ्यायची की नाही, कीबोर्डवरची कोणती कळ दाबली, हे सगळे तो पाहतो. तुमच्या तिन्ही तक्रारी याच यादीतल्या आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्यातही तळ कोमट असताना पंखा पूर्ण वेगाने फिरणे, हे ईसीचा अंदाज चुकल्याचे नेहमीचे चिन्ह आहे; धूळ साचली असती तर तळ चांगलाच तापला असता.

आता खरी गोम अशी आहे की हा नियंत्रक कधी झोपतच नाही. तुम्ही 'शट डाउन' केले तरी तो जागा असतो, कारण पुन्हा बटण दाबल्याचे कळायला कोणीतरी जागे असावे लागते. पूर्वी बॅटरी खटका सरकवून बाहेर काढता येत असे, त्यामुळे नकळत का होईना पण त्याला वर्षातून दोन-चारदा विश्रांती मिळायची. आता बॅटरी आत स्क्रूने बसवलेली असते, त्यामुळे कारखान्यातून निघाल्यापासून तो एकसारखा चालू आहे असेही होऊ शकते. वीज जाऊन-येऊन झटका बसला किंवा झोपेतून उठताना काही अर्धवट राहिले की तो एखाद्या चुकीच्या अवस्थेत अडकतो आणि तिथेच राहतो. त्यात भर म्हणून विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आले. त्यामुळे शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. लोक 'दहा वेळा बंद करून पाहिले' म्हणतात, तेव्हा यांपैकी काहीच खऱ्या अर्थाने बंद झालेले नसते.

कृती अशी करा. शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होईल. चार्जर काढा, माउस, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटरची वायर, जे काही जोडलेले असेल ते सगळे काढा. मग पॉवरचे बटण दाबून धरा आणि घड्याळ पाहून पूर्ण 30 सेकंद सोडू नका. मध्येच दिवा लागेल, पंखा फुरफुरेल, पुन्हा विझेल. घाबरून बोट उचलू नका, इथेच बहुतेक जण चुकतात. चार-पाच सेकंदांचा दाब हा फक्त जबरदस्तीने बंद करण्याचा इशारा असतो. त्यापलीकडे गेल्यावरच नियंत्रकाने स्वतःला नव्याने सुरू करावे, अशी सोय बऱ्याच कंपन्यांनी केलेली असते. हा काळ कंपनीनुसार बदलतो. एचपी साधारण 15 सेकंद सांगते, मायक्रोसॉफ्ट सरफेससाठी 20 सांगते, आणि डेलच्या काही मॉडेलांत चार्जर लावून 25 सेकंदांहून अधिक दाबल्यास घड्याळासकट सगळे मूळपदावर येते. लेनोवोच्या अनेक थिंकपॅडना बुडाला एक बारीक भोक असते, त्यात चार्जर काढून सरळ केलेली कागदाची क्लिप काही सेकंद हलकेच दाबायची. मात्र भोकाशेजारी रीसेटचे चिन्ह आहे याची खात्री करा. मायक्रोफोनच्या भोकात टाचणी घालून आणलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत.

त्यानंतर पाच मिनिटे तसाच ठेवा, फक्त चार्जर लावा आणि सुरू करा. घड्याळ मागे गेले असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगू लागेल आणि जीएसटीचे पोर्टलही उघडणार नाही.

कॅप्स लॉकची चाचणी तुम्ही आपणहून केलीत, हे फार चांगले. तो दिवा बदलत असता तर विंडोज जागे असून केवळ पडदा गेला आहे असे मानता आले असते, आणि विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबून ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याचा सोपा उपाय सांगितला असता. तुमचे यंत्र पूर्णच गोठते आहे, म्हणून वरच्याच वाटेने जा.

हे करण्याआधी लॅपटॉप काचेच्या टेबलावर ठेवून पाहा. तो डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचलल्यासारखे होऊन त्याचे बटण कडक झाले असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग रीसेट नाही, चार्जिंग नाही; बंद करून थेट बॅटरी बदलायला न्या.

अर्धविराम

धागा वाचणाऱ्यांत मॅकवालेही असतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडी भर घालतो. इंटेलच्या मॅकबुकमध्ये याच कामाच्या नियंत्रकाला एसएमसी म्हणतात, आणि त्याच्या रीसेटची कृती मॉडेलनुसार वेगळी आहे. टी-टू (ॲपलची सुरक्षेची चिप) नसलेल्या, आत बॅटरी असलेल्या मॅकबुकमध्ये यंत्र बंद करून डावीकडच्या शिफ्ट, कंट्रोल आणि ऑप्शन या तीन कळा पॉवरच्या बटणासह 10 सेकंद धरायच्या. टी-टू असलेल्यांत मात्र उजवीकडची शिफ्ट, डावीकडची कंट्रोल आणि डावीकडची ऑप्शन 7 सेकंद धरून, त्या न सोडता पॉवरचे बटण आणखी 7 सेकंद धरायचे असते. बोटांची रचना पेटी वाजवायला बसल्यासारखी होते. मी स्वतः दोन संध्याकाळी डावी शिफ्ट दाबत बसलो होतो आणि रीसेटचा काही उपयोग नाही असे सर्वांना सांगतही होतो.

याखेरीज एनव्हीरॅम नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात आवाजाची पातळी, पडद्याचे रिझोल्यूशन, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे, अशा बारीकसारीक गोष्टी साठवलेल्या असतात. सुरू करताना ऑप्शन, कमांड, पी आणि आर या कळा सुमारे 20 सेकंद धरल्या की ते पुसले जाते. पंखा, चार्जिंग, झोप यांच्याशी त्याचा संबंध नाही. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. नोव्हेंबर 2020 पासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकमध्ये यांपैकी कोणतीच कसरत नाही, तिथे बंद करून अर्धा मिनिट थांबून सुरू करणे पुरते.

पहारेकरी

डागकाम यांच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण एका गोष्टीची आठवण करून दिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी ज्या कार्यालयाचे संगणक सांभाळतो तिथे हा प्रसंग घडून गेला आहे. विंडोज 11 मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले असेल तर अनेक लॅपटॉपांमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलपात बंद, झालेली असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नुसते बटण दाबून धरल्याने सहसा काही होत नाही. पण बायोसची (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामची) मांडणी मूळपदावर गेली, सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींत फरक पडला, की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि 48 अंकी रिकव्हरी की मागतो. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा शाबूत असूनही तुमच्यासाठी नसल्यासारखाच.

तुमच्या बाबतीत धोका किंचित अधिक आहे, कारण विंडोज भाच्याने टाकले. त्याने स्वतःच्या खात्याने लॉगिन केले असेल तर ती की त्याच्या खात्यात जतन झालेली असेल. आजच त्याला फोन करून खाते तपासायला सांगा आणि ते 48 अंक कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवू नका, म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवल्यासारखे होईल.

दुसरे, बायोसमध्ये जाऊन 'लोड डीफॉल्ट्स' करण्याचा मोह झालाच, तर आधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे, एएचसीआय की रेड, याची नोंद तिथे असते. ती बदलली तर विंडोज सुरूच होत नाही आणि डिस्क गेली असे वाटते. ती गेलेली नसते, जुनी निवड परत केली की सगळे पूर्ववत होते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले चालणारे विंडोज पुसून पुन्हा टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

खातेवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहारेकरी यांचा अंदाज बरोबर निघाला. की भाच्याच्याच खात्यात होती. ती आता माझ्या खातेवहीच्या मागच्या पानावर आहे. काचेवर लॅपटॉप डुगडुगला नाही. त्यानंतर डागकाम यांनी सांगितल्याप्रमाणे 30 सेकंद बटण धरले. बाराव्या सेकंदाला दिवा लागला तेव्हा बोट उचलण्याची फार इच्छा झाली, पण उचलले नाही.

पंखा शांत झाला आहे. इतका, की आधी तो बिघडला आहे असेच वाटले. झाकण मिटून उघडण्याचा प्रयोग काल दिवसभरात सात वेळा केला आणि सातही वेळा पडदा आला. चार्जिंग मात्र अजूनही 60 वरच अडते. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे निदान त्या बाबतीत खरे होते का? आता पाठ उघडून बॅटरीची जोडणीच काढून पाहावी का?

डागकाम

पंखा आणि झोप सुधारली, म्हणजे ईसी अडकला होता हे नक्की. पाठ उघडायची असेल तर घाई नको. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये आतील बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते, ती आधी वापरा. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचा. ते सगळे सारख्या लांबीचे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला तर तो थेट बोर्डात घुसतो. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा. बॅटरीचे टोक वायरला धरून ओढू नका, प्लास्टिकच्या कडेला नखाने ढकला. मगच पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबा. पुन्हा जोडून सुरू केल्यावर पहिल्यांदा पडदा एक-दोन मिनिटे काळा राहू शकतो, कारण रॅमची तपासणी नव्याने होते. मेला समजून लगेच बंद करू नका.

आगोट

थांबा, अजून स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. मी चिपळूणला लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान चालवतो. आमच्याकडे दमट हवेने जोडण्या हिरव्या पडतात, तेव्हा चार्जिंगच्या तक्रारी रोजच्याच. पण बिघडलेला चार्जिंगचा भाग बरोबर 60 वर, रोज, न चुकता थांबत नाही. तो आज 43 वर थांबेल, उद्या 71 वर, परवा चार्जरच ओळखणार नाही. नेमक्या गोल आकड्यावर, म्हणजे 60 किंवा 80 वर, थांबणे हे बहुतेक वेळा कोणीतरी दिलेल्या आज्ञेचे लक्षण असते. कायम चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी लवकर झिजू नये म्हणून अनेक कंपन्या आपल्या ॲपमध्ये मर्यादा घालण्याची सोय देतात. कोणी त्याला कन्झर्व्हेशन मोड म्हणते, कोणी बॅटरी केअर.

आणि यातली गंमत अशी की अनेक लॅपटॉपांमध्ये ही मर्यादा विंडोजमध्ये नव्हे, त्याच ईसीच्या कायमस्वरूपी स्मृतीत लिहिलेली असते. तुमच्या भाच्याने विंडोज पुसले तेव्हा कंपनीचे ॲप गेले, मर्यादा मात्र तिथेच राहिली, आणि ती काढायचे बटणच नाहीसे झाले. तुमच्या मॉडेलचे ॲप कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि बॅटरीच्या पानावर काय चालू आहे ते पाहा.

तिथे काहीच सापडले नाही, तर मग चार्जरकडे वळा. गोल टोकाच्या काही चार्जरांत मधोमध केसासारखी बारीक पिन असते. तिच्यातून चार्जर किती वॅटचा हे लॅपटॉपला कळते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि वेगही मंदावतो. तेही कितीही रीसेट करून सुटत नाही. जाता जाता सॉकेटचे अर्थिंगही तपासून घ्या. चार्जर लावल्यावर धातूच्या कडेला हात फिरवताना मुंग्या येत असतील किंवा टचपॅडचा बाण आपोआप थरथरत असेल, तर ते बहुधा लॅपटॉपचे दुखणे नाही, तुमच्या भिंतीतल्या वायरिंगचे आहे.

खातेवही

उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मध्ये विवरणपत्रांची धावपळ होती.

आगोट, तुमच्यापुढे हात जोडते. ॲप उतरवले, बॅटरीचे पान उघडले, आणि तिथे 60 टक्क्यांची मर्यादा चालू होती. ती कोणी चालू केली असेल याचा विचार करता करता आठवले की टाळेबंदीच्या काळात लॅपटॉप दिवसरात्र टेबलावर चार्जरला लावलेला असायचा, तेव्हा कुठेतरी वाचून मीच ती चालू केली होती. मग सुरुवातीची काही वर्षे प्रवासाला निघताना ती बंद करून पुन्हा चालू करत असे, आणि पुढे सगळेच विस्मरणात गेले. मर्यादा काढल्यावर पाऊण तासात 94 टक्के दिसले.

पंख्याची तक्रार मधल्या काळात एकदा परत आली. रात्री वीज तीन-चारदा येऊन-जाऊन झाली होती आणि चार्जर लावलेलाच होता. पुन्हा 30 सेकंदांचा रीसेट केला, पंखा शांत झाला. त्यानंतर डागकाम यांना खाजगी निरोप पाठवून विचारले, तेव्हा त्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोसची नवी आवृत्ती टाकायला सांगितली, कारण बहुतेकदा ईसीचा प्रोग्रामही तिच्यासोबतच बदलतो. ते काम बॅटरी पूर्ण भरलेली असताना, चार्जर लावून, भाच्याला शेजारी बसवून आणि 48 अंकांचे पान समोर उघडे ठेवून केले. की मागितली गेली नाही. त्यानंतर वीज दोनदा गेली, पंखा जागच्या जागी आहे. रात्री चार्जर मात्र आता भिंतीतून काढूनच ठेवते.

मर्यादा मी काल पुन्हा 60 वर लावली आहे. लॅपटॉप टेबल सोडून कुठे जातच नाही.